बेणारेबाईंना बँकेत लावा

मध्य मुंबईतली एक मराठी माध्यमाची अनुदानित शाळा. इमारत मोठी, पट दरवर्षी घसरणारा. महिला दिनाला शिक्षकांनी मिळून नाटक करायचं ठरवलं आणि विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' निवडलं. पहिला अंक बसला, दुसऱ्याच्या तालमी सुरू झाल्या, आणि एका शनिवारी संस्थेचे एक विश्वस्त तालीम बघायला येऊन बसले. जाताना त्यांनी एकच सूचना केली. नाटक उत्तम आहे, विषय गंभीर आहे, फक्त नायिका बेणारे ही शिक्षिका नको. तिला बँकेत लावा, नाहीतर एखाद्या ऑफिसात.

या सूचनेचं पुढे काय झालं त्याची ही नोंद. मी तालमींना संहिता धरून बसत होते, म्हणजे प्रॉम्प्टिंगचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे बरंचसं समोर घडलेलं आहे. शाळेचं नाव देत नाही आणि माणसांचीही देत नाही. ज्याने जी भूमिका केली त्याच नावाने त्याला ओळखायचं. तालमीत आमचं तेच चालायचं. "सुखात्मे, चहा सांगा" म्हटलं की भूगोलाचे सर उठायचे.

आधी निवडीबद्दल. स्टाफरूमच्या फळ्यावर चार नावं होती. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' (१९८३) सगळ्यांना हवं होतं. स्त्री मुक्ती संघटनेने ते गावोगाव नेलं, हजारोंनी प्रयोग झाले, आणि आमच्यातल्या दोघी-तिघींनी तर कॉलेजात त्यातली गाणी म्हटलेली होती. पण त्यामुळेच ते मागे पडलं, 'झालेलं आहे' म्हणून. 'पुरुष' बलात्काराचं आहे, मुलं प्रेक्षकांत असतील, म्हणून गेलं. प्रशांत दळवींच्या 'चारचौघी'ला (१९९१) चार ताकदीच्या नट्या लागतात, आणि त्यातला तो लांबलचक फोनचा प्रसंग ऐकूनच सगळ्या गप्प झाल्या. राहिलं तेंडुलकरांचं. गंमत अशी की महिला दिनासाठी निवडलेल्या या नाटकात बाया दोनच, पुरुष सहा. शाळेत नाटकाला तयार असलेले पुरुष बरोबर सहाच निघाले, लिपिक आणि प्रयोगशाळा सहायक धरून. इंटर सायन्सला आपटलेला पोंक्षे प्रयोगशाळा सहायकाकडे गेला, यावर स्टाफरूम आठवडाभर हसली.

नाटक ज्यांच्या वाचनात नसेल त्यांच्यापुरतं थोडक्यात. मुंबईतली एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला एका गावात येतात. प्रयोग रात्री, वेळ मोकळा. सामंत नावाच्या गावकऱ्याला कोर्ट कसं चालतं ते दाखवायला म्हणून खेळ सुरू होतो आणि लीला बेणारे या सहकारी बाईंना आरोपी केलं जातं, गुन्हा भ्रूणहत्येचा. थट्टेथट्टेत एकेक साक्षीदार तिचं खरं आयुष्य बाहेर काढतो. ती अविवाहित आहे, गरोदर आहे, मूल ज्याचं ते प्रोफेसर दामले आज आलेलेच नाहीत. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर निकाल देतात: तिच्या पोटातला गर्भ नष्ट करावा. ज्या गुन्ह्याचा आरोप ठेवला, तोच गुन्हा करण्याची शिक्षा. 'रंगायन' या नाट्यसंस्थेने १९६७ साली मुंबईत हे उभं केलं, दिग्दर्शक अरविंद देशपांडे, बेणारे सुलभा देशपांडे.

आमची बेणारे तिशीची, मराठी-इतिहास शिकवणारी. हे सांगणं गरजेचं आहे: ती शिक्षणसेवक होती. महाराष्ट्रात २००० सालापासून ही पद्धत आहे. नवा शिक्षक पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर काम करतो, मगच कायम होतो. माध्यमिकला हे मानधन २०२३ पासून अठरा हजार आहे. तिचं तिसरं वर्ष चालू होतं, जूनमध्ये संपणार होतं. मिसेस काशीकर आमच्या चित्रकलेच्या बाई, त्याच मे महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त होणाऱ्या. दोघींचं एकमेकींवर जीव असावा इतकं जमायचं. त्यामुळेच जिथे मिसेस काशीकर बेणारेला ओढत आरोपीच्या पिंजऱ्यात नेऊन उभी करते, ती जागा काही केल्या बसेना. चित्रकलेच्या बाई हात धरायच्या आणि विनंती केल्यासारख्या चालायला लागायच्या. दिग्दर्शक बाहेरून बोलावलेले, राज्य नाट्यस्पर्धेत मुरलेले. ते म्हणायचे, "बाई, तुम्ही तिला जेवायला घेऊन निघालाय." हा प्रसंग पुढे वेगळ्याच तऱ्हेने बसला.

तालमींत सगळ्यात जास्त वेळ कायद्यावर गेला, हे मला अपेक्षित नव्हतं. एका पालकांनी, ते वकील आहेत, पहिल्याच वाचनाला चूक काढली. काशीकर भारतीय दंडविधानाच्या कलम ३०२ खाली आरोप ठेवतात. ३०२ हे खुनाच्या शिक्षेचं कलम. गर्भपातासाठी ३१२ आणि पुढची कलमं होती. दिग्दर्शक म्हणाले, चूक तेंडुलकरांची नाही, काशीकरांची आहे. या मंडळींना कायदा ऐकून-ऐकून माहीत आहे आणि त्यांचा वकील सुखात्मे काम न मिळणारा वकील आहे. मग कुणीतरी म्हणालं, आजच्या काळात आणूया, नवं कलम घालू. वकील हसायला लागले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात खुनाच्या शिक्षेचं कलम १०३, गर्भपाताचं ८८, आणि ३०२ क्रमांकावर आता धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा आहे. आज तोच आकडा ठेवला तर बेणारेबाईंवर भलताच खटला चालेल.

तरुण मंडळींना प्रश्न पडला तो साधा होता: ती डॉक्टरकडे का गेली नाही? उत्तर दोन थरांचं आहे. १९६७ साली जाता येत नव्हतं. आईचा जीव वाचवण्यासाठी सोडला तर गर्भपात गुन्हाच होता. कायदा बदलावा का हे बघायला केंद्राने १९६४ मध्ये समिती नेमली होती, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. तिचा अहवाल १९६६ च्या अखेरीस आला, म्हणजे नाटक उभं राहण्याच्या एक वर्ष आधी, आणि वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आला १९७१ मध्ये. त्यातही गर्भनिरोधक फसलं या कारणाचा आधार विवाहितेलाच होता. 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' या शब्दांच्या जागी 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' हे शब्द यायला २०२१ उजाडलं. वीस ते चोवीस आठवड्यांच्या टप्प्यात अविवाहितेला वेगळं काढता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं.

दुसरा थर जास्त महत्त्वाचा. बेणारेला गर्भपात नकोच आहे. तिला मूल हवंय, आणि त्या मुलाला बाप, नाव, घर हवंय. त्यासाठी ती पोंक्षेलासुद्धा लग्नाचं विचारते. ज्याला आपण सुधारलेला कायदा म्हणतो तो तिच्या या मागणीच्या बाजूने फारसा बोलत नाही. तो तिला सुटकेचा रस्ता देतो, राहण्याचा नाही. हे एकदा कळल्यावर 'आजच्या काळात आणूया' ही चर्चा आपोआप थांबली.

काशीकरांच्या एका बोलण्यावरही अडलो. खटल्याच्या ओघात ते म्हणतात, बालविवाहाची चाल परत आणली पाहिजे, मुली वेळेत उजवल्या की हे प्रकार बंद. समाजाचं वाटोळं केलं ते आगरकर आणि धोंडो केशव कर्वे यांनी. आमच्या काशीकरांना, म्हणजे गणिताच्या सरांना, वाटलं हे विनोदी आहे. त्यांनी ते हशा घेण्याच्या पट्टीत म्हटलं. चित्रकलेच्या बाईंनी थांबवलं. त्यांच्या आजीचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं. १८९१ च्या कायद्याने संमतीचं वय दहावरून बारा झालं तेव्हा पुण्या-मुंबईत केवढा गदारोळ झाला, आणि १८९९ मध्ये देवलांच्या 'शारदे'ने पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याशी ठरलेलं लग्न रंगमंचावर आणलं, ते काशीकरांना नुसतं माहीतच नाही, त्यांना ते सगळं उलटं फिरवायचं आहे. सरांनी पुढच्या तालमीत तेच वाक्य कान कोरत, अगदी घरगुती आवाजात म्हटलं. हसू आलं नाही.

तर, विश्वस्तांची सूचना. माणूस वाईट नाही. शाळेसाठी स्वतःच्या खिशातून पैसे घालणारा, नाटकाची आवड असलेला. त्यांचं म्हणणं त्यांच्या जागेवरून ऐकलं तर समजतं. मार्चपासून प्रवेशाचे दिवस. शिक्षक घरोघरी फिरून मुलं गोळा करतात, कारण पट घसरला तर शिक्षक अतिरिक्त ठरतात. प्रयोगाला पालक येणार. त्यांचं वाक्य मी तेव्हाच संहितेच्या कडेला लिहून ठेवलं: "उद्या कुणी विचारलं, तुमच्याच शाळेतलं प्रकरण आहे का, तर मी काय सांगू?"

मुख्याध्यापिका गप्प. दिग्दर्शक म्हणाले, बघू, फार अवघड नाही. त्यांच्या दृष्टीने ही तडजोड छोटी होती: अत्याचार तोच, निकाल तोच, फक्त पेशा वेगळा. पोंक्षे आणि कर्णिक म्हणाले, प्रयोग होणं महत्त्वाचं. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "मग तेंडुलकरांनी काय चुकून शिक्षिका केली का?" आणि बेणारे काहीच म्हणाली नाही.

माझं मत मी तिथेच मांडलं, इथेही मांडते. विश्वस्तांना विषयाची अडचण नव्हती. कुमारी माता चालत होती, पुरुषांची ढोंगं चालत होती, गर्भपात चालत होता. त्यांना पत्ता नको होता. सामाजिक नाटकावरचा आक्षेप बहुतेक वेळा असाच येतो, आणि तो जिथे बोट ठेवतो तिथेच अजून काहीतरी शिल्लक असतं. १९७२ मध्ये तेंडुलकरांच्याच 'सखाराम बाइंडर'वर अश्लीलतेचं कारण देऊन परिनिरीक्षण मंडळाची, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरची, कात्री चालली आणि दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावं लागलं. त्याआधी रंगमंचावर बाईला मारलं-झोडलं-टाकलं म्हणून कुणी कात्री घेऊन धावल्याचं फारसं ऐकिवात नाही. त्यातली चंपा दारू पिऊन बोलायला लागली तेव्हा मात्र अडचण झाली.

दिग्दर्शकांचं एक मानावं लागेल. वाद न घालता त्यांनी करून बघायचं ठरवलं. पुढच्या शनिवारी पहिला अंक बँकवाल्या बेणारेसह चालवला, संहितेत पेन्सिलीने बदल करून. तो अंक कसा कोसळला ते तपशिलात सांगण्यासारखं आहे.

सुरुवातीलाच बेणारे सामंतला सांगते की शाळेच्या पहिल्या घंटेला तिचं पाऊल उंबऱ्यात असतं, मुलं तिच्यावर जीव टाकतात, शिकवण्यात तिला कुणी नावं ठेवू शकत नाही. घंटेच्या जागी हजेरीपुस्तक आलं, मुलांच्या जागी ग्राहक. "ग्राहक माझ्यावर जीव टाकतात" म्हटल्यावर रोकडे फुटला, त्याच्याबरोबर सगळेच. ती मुलांच्या गोष्टीतल्यासारखी बोलते, गाते, चिमणी-पोपटाचं बालगीत गुणगुणते. हे सगळं वर्गातून आलेलं आहे. बँकेतली बाई तसं बोलायला लागली की ती जरा चक्रम वाटते. आणि तेच गाणं शेवटी परत ऐकू येतं, ती निश्चल पडलेली असताना, सामंतने तिच्याजवळ हिरवा कापडी पोपट ठेवल्यावर. ते आता कुठून येणार? पुढे काशीकर साक्ष देतात की शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांकडे बसले असताना त्यांनी फोनवरचं बोलणं ऐकलं, गरोदर शिक्षिकेला काढून टाकण्याचं. बँकेचा कोण अध्यक्ष असा घरी बसून फोनवर नोकरी घेतो? राष्ट्रीयीकरण १९६९ चं, म्हणजे १९६७ ला बहुतेक बँका खासगीच होत्या, असा युक्तिवाद सुखात्मेंनी करून पाहिला. त्यावर लिपिक म्हणाले, सर, प्रेक्षकांना एवढं समजावायला मध्यंतर पुरणार नाही.

पण खरी मोडतोड आणखी खोल होती. बेणारेचा सगळा गुन्हा हा आहे की ती मुलांना शिकवते आणि तिला मूल होणार आहे. सुखात्मे तिची लायकी मोजतो ती याच मापाने: असल्या बाईच्या हाती कोवळी मुलं. बँकेत ते माप लागू होत नाही. तिथे बदनामी होईल, 'मुलं बिघडतील' असं म्हणता येणार नाही. अंक संपल्यावर दिग्दर्शकांनी संहिता मिटली आणि म्हणाले, "जमत नाही हो. हिला बाहेर काढलं की नाटकातून नाटकच निघतंय." शिवाय अधिकाराचा प्रश्न होताच. तेंडुलकर २००८ मध्ये गेले, त्यांच्या लेखनाचे हक्क २०६८ अखेरपर्यंत वारसांकडे. परवानगी प्रयोगाची घेतली होती, पेशा बदलण्याची नव्हे.

या सगळ्यात एक गोष्ट चित्रकलेच्या बाईंनी काढली, आणि मला ती या प्रकरणातली सर्वांत नेमकी वाटते. नाटकात बेणारे वैतागून सांगते की शाळेत तिची चौकशी लावली आहे. पण ती चौकशी कोण करतं, तिला बाजू मांडता येते का, पुढे दाद कुठे मागायची, काही नाही. कारण तेव्हा खासगी शाळेतल्या शिक्षकाच्या नोकरीला राज्याच्या कायद्याचं आजच्यासारखं संरक्षण नव्हतं. ते आलं १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने. त्यामुळे आज कायम शिक्षिकेला फोनवरून काढता येत नाही. रीतसर चौकशी समिती लागते, आणि काढलंच तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. बाईंना हे तोंडपाठ होतं, त्या संघटनेत होत्या. "पण," त्या म्हणाल्या, "१९८१ च्या नियमांत काढून टाकण्याच्या कारणांत नैतिक अधःपतन अजून आहे. आणि हे सगळं कायम असलेल्यांना." असं म्हणून त्यांनी आमच्या बेणारेकडे बघितलं नाही. बाकी सगळ्यांनी बघितलं.

सुलभा देशपांडे स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, हे त्या दिवशी मी सांगितलं. पहिली बेणारे वर्गावरूनच आली होती. पुढे १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने त्याच शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं केली आणि मराठी रंगभूमीच्या इतिहासात एका शाळेचं नाव चळवळ म्हणून लागलं. विश्वस्तांना मुख्याध्यापिकांनी हेही कळवलं. ते म्हणाले, तो काळ वेगळा होता. १९६७ चा काळ आजच्यापेक्षा मोकळा होता, असं त्यांना म्हणायचं होतं का, कोण जाणे.

तोडगा मुख्याध्यापिकांनी काढला. शाळेत नाही, शाळेच्या नावाने नाही, महिला दिनालाही नाही. शिक्षक हौशी कलाकार म्हणून एका वाचनालयाच्या सभागृहात अभिवाचन करतील, एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर. हालचाली थोड्या, नेपथ्य म्हणजे आठ खुर्च्या आणि एक टेबल. संहितेला हात लावायचा नाही. विश्वस्तांनी हरकत घेतली नाही, उलट येतो म्हणाले. आले नाहीत.

पण त्याआधी बेणारेने भूमिका सोडली. कारण सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, आणि तिच्यावर कुणी दबाव आणला होता असंही माझ्या कानावर नाही. आणावा लागलाच नसेल. ती म्हणाली, मी मिसेस काशीकर वाचते. मग चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "मला आता कोण काढणार? मेमध्ये मीच निघतेय," आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी बेणारे त्यांनी वाचली. नाटकातली बेणारे शिक्षिकाच राहिली. बेणारे करणारी बदलली. सूचनेचा परिणाम मोजायचा तर तो इथे मोजावा लागतो, संहितेत नाही.

त्या जोडीने दोनच तालमी झाल्या. ओढत नेण्याची ती जागा पहिल्याच तालमीत बसली. तिशीची मुलगी आपल्या लाडक्या बाईंच्या दंडाला धरून त्यांना खेचते आणि चेहरा पूर्ण कोरा. दिग्दर्शक काही बोलले नाहीत, मीही पुढचं वाक्य द्यायची राहिले. मिसेस काशीकर दुष्ट म्हणून नव्हे, स्वतःची जागा टिकवायची म्हणून ओढते, हे आजवर मी वाचलेल्या कुठल्याही समीक्षेपेक्षा त्या तालमीत जास्त स्वच्छ दिसलं.

प्रयोगाला सभागृह निम्म्याहून अधिक भरलं होतं. निवृत्त शिक्षिका पुष्कळ, आजी-माजी पालक, थोडे विद्यार्थी. शेवटचं स्वगत ही मूळ संहितेत नंतर आलेली जागा. मूळ प्रयोगाचे दिग्दर्शक देशपांडे यांच्या आग्रहाने तेंडुलकरांनी ती लिहिली. बेणारेला बोलायला काही क्षण दिले जातात, ती दीर्घ बोलते, आणि बाकी सगळे थिजलेले असतात, म्हणजे कोर्टातल्या कुणालाच ते ऐकू जात नाही. तरुण नटी हे स्वगत बहुतेकदा आक्रोशात नेते. पांढऱ्या केसांची बेणारे ते आठवत-आठवत वाचत होती. मामाबद्दल, त्या वयातल्या प्रेमाबद्दल, शरीराबद्दल, मुलाबद्दल. पोटात आत्ता मूल आहे असं न वाटता, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली असावीत असं वाटत होतं. हे मूळ नाटकाला धरून आहे का? नाही. पण त्या सभागृहातल्या कितीतरी जणी त्याच वयाच्या होत्या.

नंतरच्या गप्पांत एका आजींनी विचारलं, बेणारेची नोकरी गेली असेल की राहिली? वकील पालकांनी १९७७ चा कायदा समजावायला सुरुवात केली. आजी म्हणाल्या, माझ्या मैत्रिणीची गेली होती, एकोणसत्तरला, तिने फक्त दुसऱ्या जातीत लग्न केलं होतं. वकील खाली बसले.

जूनमध्ये आमची पहिली बेणारे कायम झाली. पुढच्या वर्षीसाठी स्टाफरूमच्या फळ्यावर पुन्हा नावं लिहिली गेली आणि या वेळी 'शारदा' ठरलं. विश्वस्तांनी त्याच दिवशी होकार दिला, शाळेचं सभागृह दिलं, तबला-पेटीचा खर्च संस्था करेल म्हणाले. विषय सामाजिक आहे, मुलींनी बघितलाच पाहिजे, पालकांनाही बोलवा. गणिताचे सर आता त्यातल्या म्हाताऱ्या नवरदेवाची, भुजंगनाथाची, काठी घेऊन वर्गातून फिरतात. विश्वस्तांची यंदाही एकच सूचना आली आहे: पदं फार आहेत, थोडी कमी करा.